लगतधारकांची साक्ष

नकाशा करायला बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डेटा कुठे मिळेल? हे पुस्तक त्या प्रश्नाचे उत्तर देते. क्यूजीआयएस हे खुले, मोफत सॉफ्टवेअर संगणकावर कसे बसवायचे, रस्ते, नद्या, गावांच्या हद्दी, उपग्रहाची छायाचित्रे आणि जनगणनेचे आकडे कुठून उतरवून घ्यायचे, ते सॉफ्टवेअरमध्ये कसे आणायचे, हे पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीने येईल. प्रस्तावनेत मात्र त्याच्याही आधीची एक गोष्ट मांडायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचे सगळे शिक्षण यांत्रिक होईल. फाइल उघडली, पडद्यावर रेषा उमटल्या, एवढ्याने माहिती नकाशात आली असे होत नाही. ती कोणी गोळा केली, कोणत्या साली, कोणत्या मापाने आणि कोणत्या कामासाठी, हे विचारून दुसऱ्या माहितीशी ताडून पाहिले की मगच तिच्यावर काही उभे करता येते. जमिनीच्या मोजणीत हे शहाणपण आपल्याकडे जुनेच आहे. भूकरमापक एकट्या अर्जदाराच्या सांगण्यावरून हद्दीच्या खुणा करत नाही. लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमिनींच्या धारकांना, नोटीस जाते, ते बांधावर येतात, त्यांचे म्हणणे नोंदले जाते, जुन्या टिपणाशी मेळ घातला जातो. नकाशातल्या प्रत्येक लेयरलाही, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या माहितीच्या प्रत्येक थरालाही, असे लगतधारक असतात. त्यांना न बोलावता केलेला नकाशा कितीही देखणा असला तरी एकतर्फी राहतो. डेटा शोधणे आणि आणणे हे मुळात साक्ष तपासण्याचे काम आहे, आणि ही तपासणी कोणालाही करता यावी यातच खुल्या सॉफ्टवेअरचे खरे मोल आहे, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

हे म्हणणे पारखायला वाळूजइतके योग्य ठिकाण मराठवाड्यात क्वचितच सापडेल. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगर-पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. १९८५ साली येथील औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांनी आजूबाजूचा माळ व्यापला. कामगार आले, बजाजनगर उभे राहिले, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर, तीसगाव ही गावे वसाहतीला आणि एकमेकांना भिडली. जमीन अशी सलग भरत गेली तरी तिचा कारभार सलग झाला नाही. कारखान्यांच्या भूखंडांचे नियोजन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, वाळूज महानगराची आखणी सिडकोची, गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे, जमिनीच्या नोंदी भूमी अभिलेख विभागाकडे आणि तलाठ्याकडे. त्यातही काही गावे गंगापूर तालुक्यात, तर काही छत्रपती संभाजीनगर तालुक्यात. प्रत्येक कार्यालयाकडे आपापला नकाशा आहे आणि तो आपल्या हद्दीपाशी थांबतो. खाम नदी मात्र तिथे थांबत नाही. शहराचे पाणी घेऊन ती या पट्ट्याजवळून नाथसागर जलाशयाच्या दिशेने जाते. सांडपाणी, पावसाचे पाणी, कामगारांची रोजची ये-जा, शाळा-दवाखान्यांची गरज, यांपैकी काहीच कार्यालयांच्या हद्दी पाळत नाही. पावसाळ्यात कोणत्या वस्तीत पाणी शिरेल, किंवा कारखान्यांच्या उताराला कोणत्या विहिरी येतात, असा साधा प्रश्न विचारला की तीन-चार कार्यालयांची माहिती एका पटावर आणावी लागते. म्हणून वाळूजमध्ये डेटा इंपोर्ट करणे हे संगणकाच्या खोलीपुरते काम राहत नाही. गावाच्या रोजच्या जगण्याशी त्याची गाठ पडते.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. सॉफ्टवेअर महाग, उपग्रहाची छायाचित्रे विकतची, सर्व्हे ऑफ इंडियाचे कितीतरी नकाशे निर्बंधाखाली. हे अडसर एकेक करून दूर होत गेले. १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी जीडाल लिहायला घेतले. नाना स्वरूपांतला भौगोलिक डेटा वाचण्याचे काम आज बहुतेक नकाशा-सॉफ्टवेअरच्या पोटात तेच करते. २००२ साली गॅरी शर्मन यांनी क्यूजीआयएस सुरू केले, २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून घडवायचा खुला नकाशा. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांचा संग्रह मोफत खुला केला आणि २०१५ पासून युरोपचे सेंटिनल-२ उपग्रह दहा मीटर तपशिलाची छायाचित्रे मागेल त्याला देऊ लागले. भारतात इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ मध्ये आणि सरकारी खुल्या डेटाचे संकेतस्थळ २०१२ मध्ये आले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने तीच दिशा पक्की केली. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून राज्याची साधनसंपत्ती नकाशांवर आणते आहे, आणि गटनकाशे आता घरबसल्या पाहता येतात. टंचाईचा काळ बऱ्याच अंशी सरला. आताची अडचण मुबलकतेची आहे: वाळूजबद्दल सांगणारे स्रोत पुष्कळ आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही.

त्यांचा पहिला मतभेद काळाचा. उतार काढण्यासाठी सर्वांत सहज मिळणारी उंचीची माहिती म्हणजे एसआरटीएम. एंडेव्हर या अवकाशयानातून फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत ती रडारने टिपली गेली. तिच्यात दिसणारे वाळूज तेव्हाचे आहे. त्यानंतर बुजलेले नाले, उंचावलेले रस्ते, सपाट केलेले भूखंड तिला ठाऊक नाहीत. शिवाय रडारच्या लहरी छपरांवरून आणि झाडांच्या शेंड्यांवरूनही परततात, तीस मीटरच्या एका चौकोनाला एकच आकडा मिळतो आणि त्या आकड्यात काही मीटरांची चूक असू शकते. ज्या सपाट माळावर दोन-तीन मीटरांच्या फरकाने पाणी इकडचे तिकडे वळते, तिथे ही मर्यादा सगळा निष्कर्ष फिरवू शकते. लोकसंख्येचा आकडा २०११ च्या जनगणनेचा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. मधल्या काळात भाड्याच्या खोल्यांत येऊन राहिलेली कामगार कुटुंबे त्या आकड्यात नाहीत. याउलट सेंटिनल-२ च्या जोडीतला कोणता ना कोणता उपग्रह दर पाच दिवसांनी या भागावरून जातो, आणि आभाळ निरभ्र असेल तर अलीकडचे छायाचित्र हाती येते. हे तीन लेयर एकावर एक ठेवले की सॉफ्टवेअर एकच चित्र दाखवते, पण त्यात तीन वेगवेगळ्या काळांतले वाळूज मिसळलेले असते. त्यावरून दर चौरस किलोमीटरला किती माणसे हे काढले, तर माणसे एका काळाची आणि वस्तीचे क्षेत्र दुसऱ्या काळाचे होते. उपाय अवघड नाही. प्रत्येक लेयरच्या नावातच साल घालावे, आणि ज्या उत्तरात दोन काळ एकत्र येतात त्याच्या शेजारी तसे लिहून ठेवावे. एवढी शिस्त पाळली तरी निम्मे गैरसमज टळतात.

दुसरा मतभेद मापाचा. पृथ्वीचा फुगीर पृष्ठभाग सपाट पडद्यावर आणायचा तर प्रत्येक डेटा कोणत्या ना कोणत्या निर्देशांक पद्धतीत बांधावा लागतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट (स्थलनिर्देशक नकाशे) जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८३० च्या लंबगोलावर आधारलेल्या आहेत, तर मोबाइलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. हा परिसर जुन्या क्रमांकांप्रमाणे ४७ एम या शीटमध्ये येतो. तिथली टोपोशीट स्कॅन करून हा फरक न पाहता बसवली, तर वाळूजमधले सगळे काही शंभर मीटरच्या आसपास सरकते. रस्त्याच्या अलीकडचा भूखंड पलीकडे जायला एवढे पुरे. क्षेत्रफळाची गोष्ट याहून बोलकी. इंटरनेटवरचे पार्श्वनकाशे बहुतेक वेब मर्केटर पद्धतीत असतात आणि ती पद्धत विषुववृत्तापासून दूर जावे तसतशी अंतरे ताणते. वाळूज सुमारे १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे हा ताण लांबीत सहा टक्क्यांहून अधिक आणि क्षेत्रफळात तेरा टक्क्यांच्या घरात जातो. त्या पद्धतीत सपाट गणिताने मोजली तर एक हेक्टर, म्हणजे शंभर आर जमीन, ११३ आर भरते. तीच जमीन यूटीएम या दुसऱ्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात मोजली तर चूक एका आरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी राहते, कारण त्या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व हे वाळूजच्या पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटरांवरूनच जाते. योग्य पद्धत निवडायला मिनिटभर लागते. न निवडल्यास भूसंपादनाच्या किंवा नुकसानभरपाईच्या अर्जात चुकीचा आकडा जातो. इथे आणखी एक सावधगिरी हवी. क्यूजीआयएसमध्ये लेयर कोणत्या पद्धतीत आहे ते सांगणारी आज्ञा वेगळी आणि तो एका पद्धतीतून दुसरीत बदलणारी आज्ञा वेगळी. पहिलीने आकडे तसेच राहतात, फक्त त्यांची ओळख बदलते. दुसरीने आकडेच नव्याने मोजले जातात. या दोहोंची गल्लत झाली की पुढचे सारे काम चुकीच्या पायावर उभे राहते आणि पडद्यावर ते कळतही नाही.

मापाच्या अशा चुका आकड्यांच्या याद्यांतूनही शिरतात. विहिरी, शाळा, अंगणवाड्या, कारखाने यांच्या याद्या बहुधा तक्त्याच्या स्वरूपात मिळतात आणि त्या अक्षांश-रेखांशावरून बिंदू म्हणून आणाव्या लागतात. इथल्या दोन चुका मुद्दाम शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे दिले, तर वाळूजची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या अलीकडच्या समुद्रात जाऊन पडते. ही चूक मोठी, पण निरुपद्रवी. ती कोणालाही दिसते आणि लगेच दुरुस्त होते. दुसरी चूक बारीक असते. क्षेत्रावरच्या वहीत १९ अंश ५० मिनिटे असे लिहिलेले असते आणि तक्ता भरणारा ते १९.५० असे टाइप करतो. साठ मिनिटांचा अंश असल्याने खरा आकडा १९.८३ हवा होता. विहीर सुमारे ३७ किलोमीटर दक्षिणेला सरकते, पार पैठणच्या अक्षांशावर. ती आसपासच्याच मुलखात पडते, पडद्यावर शोभून दिसते, आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. चुकीच्या डेटाचा धोका त्याच्या विद्रूपपणावरून ठरत नाही; खऱ्यासारखी दिसणारी चूक सर्वांत लांबपर्यंत जाते. तिला पकडायला लगतधारकच लागतो: विहीर ज्या गावाच्या नावावर नोंदली आहे त्या गावाच्या हद्दीत ती पडते का, एवढे दोन लेयरमध्ये ताडून पाहिले की अशा सगळ्या नोंदी एका झटक्यात उघड्या पडतात.

गावाच्या नावावर विसंबायचे तर नावेही फसवतात, हा तिसरा मतभेद. वाळूजलगतचे रांजणगाव आणि पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले रांजणगाव, दोन्हीकडे औद्योगिक वसाहत. इथले पंढरपूर आणि सोलापूर जिल्ह्यातले पंढरपूर. नुसत्या नावाने पत्ता शोधून बिंदू टाकणारे साधन यांतले प्रसिद्ध ते उचलते, आणि वाळूजचा कामगार नकाशावर शिरूरला जाऊन राहतो. रोमन लिपीत एकाच गावाची दोन-तीन वर्णलेखने सरकारी तक्त्यांत सापडतात आणि जुळणी करताना संगणक त्यांना वेगवेगळी गावे मानतो. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतरीत्या बदलले. २०११ च्या तक्त्यात औरंगाबाद आणि नव्या तक्त्यात छत्रपती संभाजीनगर असल्यामुळे नावाने केलेली जुळणी रिकामी परत येते. जनगणनेने जिल्ह्याला दिलेला ५१५ हा संकेतांक मात्र दोन्ही नावांच्या वर उभा आहे. म्हणून नावे वाचकासाठी ठेवावीत आणि जोडणी संकेतांकाने करावी. मराठीत काम करणाऱ्यांसाठी याला आणखी एक पदर आहे. शेपफाइल हे १९९० च्या दशकातले स्वरूप अजूनही सर्वत्र फिरते. त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट एवढीच जागा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे तीन चिन्हांत नाव संपवावे लागते आणि काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात. मजकुराच्या रकान्याची २५४ बाइटची मर्यादाही तशीच आखडते, त्यामुळे लांब मराठी शेरा मध्येच तुटतो. जिओपॅकेज या २०१४ पासूनच्या खुल्या मानकात या अडचणी नाहीत. आपल्या भाषेत आणि आपल्या लिपीत गावांची नावे जपायची असतील, तर स्वरूपाची निवड हा दुय्यम तपशील समजून चालणार नाही.

चौथा मतभेद सर्वांत खोल आहे, कारण त्यात कोणाचीच चूक नसते. भूमी अभिलेखाच्या गटनकाशात एक गट म्हणजे एक शेत दिसते: चार बाजू, एक क्रमांक, सातबारावर ठरावीक खातेदार. त्याच जागेवर उपग्रहाच्या छायाचित्रात दाटीवाटीची घरे आणि अरुंद गल्ल्या दिसतात. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडून वस्ती झाली की असे होते. छत्रपती संभाजीनगर आणि वाळूजच्या परिसराला गुंठेवारी नवी नाही, आणि ती नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावे मोजली गेली, तरी त्या योजनेचा रोख गावठाणातल्या घरांवर आहे. गटांत वाढलेली वस्ती तिच्या कक्षेबाहेर राहू शकते. गटनकाशा हक्काबद्दल बोलतो, छायाचित्र वापराबद्दल, ड्रोनचा नकाशा गावठाणातल्या मिळकतींबद्दल. तिघेही आपापल्या प्रश्नाला खरे उत्तर देतात. यातला एकच लेयर आणून त्यालाच जमीन समजले, तर नियोजनातून माणसे गळतात: गटनकाशावरून जलवाहिनी आखणाऱ्याला तिथे शेत दिसते, आणि फक्त छायाचित्रावरून मालकी मानणाऱ्याला तिथे नसलेला हक्क दिसतो. दोन लेयर जिथे जुळत नाहीत ती जागा खोडून टाकण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा गावाचा खरा प्रश्न नेमका तिथेच असतो.

ही काळजी कोणाला पंडिती वाटली तर त्याने दख्खनच्याच इतिहासाकडे पाहावे. पेशवाई संपल्यावर १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्रज अधिकारी आर. के. प्रिंगल यांनी पुणे भागात शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवण्याची पद्धत बसवली. तिचे तत्त्व कागदावर अतिशय काटेकोर होते. पण मोजणीच्या आणि मातीच्या प्रतवारीच्या ज्या नोंदींवर ते उभे होते, त्या नोंदीच सदोष निघाल्या. सारा पेलेना आणि शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने हात घातला तेव्हा त्यांनी हिशेबाचे सूत्र सोपे केले आणि मोजणीच्या फेरतपासणीवर भर दिला. त्याच धर्तीची जमाबंदी पुढे निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यातही आली. यातून घ्यायचा धडा असा की तत्त्व कितीही सूक्ष्म असले तरी आत आलेली नोंद तपासलेली नसेल तर ते सूक्ष्मपण चुकीला शास्त्राचा मान देते. आजचे सॉफ्टवेअर प्रिंगल यांच्या पद्धतीहून अनेक पटींनी सूक्ष्म आहे. म्हणून त्याच्या दाराशी उभे राहून विचारपूस करण्याची गरजही त्याच पटीने वाढली आहे.

यावर काही आक्षेप येतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की गूगल मॅप प्रत्येकाच्या खिशात असताना हा खटाटोप कशाला. पत्ता शोधायला आणि वाहतूक कळायला गूगलचा नकाशा उत्तम आहे, हे मान्यच करायला हवे. पण तो नकाशा दाखवतो, त्यामागचा डेटा देत नाही. त्याच्या अटी त्यावरून रेषा गिरवून आपला डेटा करण्याची मुभा देत नाहीत. एखादी रेषा कधी आणि कशावरून आली हे त्याला विचारता येत नाही, त्यावर गट क्रमांक किंवा खामचे पाणलोट क्षेत्र नाही, आणि वाळूजच्या कारखान्यांच्या उताराला येणाऱ्या विहिरींची यादी त्यातून निघत नाही. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या सांगण्यावर वाट शोधावी. गावाचा निर्णय घेऊ नये.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो: ओपनस्ट्रीटमॅप हे हौशी लोकांचे काम, त्यावर विश्वास कसा ठेवायचा, सरकारी असेल तेवढेच घ्यावे. त्यात त्रुटी असतात हे खरे. मुख्य रस्ते नेमके आणि कामगार वस्त्यांच्या गल्ल्या विरळ, असे चित्र तिथे नेहमी आढळते, आणि नकाशावर दवाखाना नाही याचा अर्थ गावात दवाखाना नाही असा घेणे धोक्याचे असते. पण तिथल्या प्रत्येक रेषेचा इतिहास खुला आहे: ती कधी काढली, कोणत्या खात्याने बदलली, आधी कशी होती. चूक दिसली तर ती दुरुस्त करायला कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. सरकारी नकाशाला अधिकाराचे बळ असते, पण त्याची तारीख, प्रमाण आणि मोजणीची पद्धत पीडीएफच्या कोपऱ्यात सापडली तर सापडते. विश्वासार्हता मालकाच्या पाटीवरून ठरवू नये. तपासता येते की नाही यावरून ठरवावी. या कसोटीवर काही सरकारी डेटा फार वर चढतो, काही खाली येतो, आणि लोकांनी केलेल्या डेटाचेही तेच होते. परवान्याच्या अटींचा आदर हाही या विश्वासाचाच भाग आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा ओडीबीएल परवाना स्रोताचा उल्लेख मागतो आणि त्यातून घडवलेला डेटाबेस प्रसिद्ध केला तर तो त्याच अटींवर खुला ठेवायला सांगतो. भारत सरकारच्या खुल्या डेटाचा परवानाही श्रेय मागतो. या अटी पाळणे म्हणजे आपल्या नकाशाची वंशावळ उघड ठेवणे.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. कार्यालयांत आणि कंपन्यांत पैसे देऊन घेतलेली सॉफ्टवेअर चालतात, आणि असा घरगुती नकाशा न्यायालयात किंवा कचेरीत ग्राह्य धरला जात नाही. मग शिकून काय उपयोग? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जमिनीची हद्द भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीनेच ठरते आणि ठरायला हवी. या पुस्तकातला कोणताही नकाशा त्या मोजणीची जागा घेत नाही. पण निर्णय होण्याआधी प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रश्न विचारायला सनद लागत नाही. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मांडला जातो तेव्हा शाळेपासून एक किलोमीटरबाहेर किती वस्ती राहते हे दाखवणारा नकाशा ग्रामसभेतल्या कोणालाही ठेवता येतो. तो खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, खुल्या स्वरूपात, स्रोतांच्या नोंदीसह केलेला असेल तर ग्रामसेवक, अभियंता किंवा विरोधी मताचा सदस्य तीच फाइल उघडून तेच गणित पुन्हा करू शकतो. त्यासाठी परवान्याचे पैसे भरावे लागत नाहीत. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला नकाशा कदाचित अधिक सुबक असेल, पण तो तपासण्याचा हक्क ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्यापुरता उरतो. सार्वजनिक प्रश्नावरच्या पुराव्यासाठी ही उणीव मोठी आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एवढी माहिती एका ठिकाणी आणली तर जमिनीचे दलाल, वसुली करणारे, किंवा नुसते उपद्रवी लोक तिचा गैरवापर करतील. ही भीती काल्पनिक नाही. म्हणून काही मर्यादा सुरुवातीलाच घालून घ्याव्यात. सातबारावरच्या खातेदारांची नावे नकाशाला जोडून प्रसिद्ध करू नयेत. घरोघरच्या नोंदी वस्तीच्या किंवा गावाच्या पातळीवर एकत्र करूनच बाहेर द्याव्यात. संवेदनशील ठिकाणांबाबत २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतली बंधने पाळावीत. पण गैरवापराच्या भीतीने सगळेच झाकून ठेवावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ज्यांना जमिनीच्या व्यवहारातून फायदा आहे त्यांच्याकडे गटनकाशे, नियोजित रस्ते आणि ओळखीचे मार्ग आधीपासून असतात. माहिती नसते ती भाडेकरू कामगाराकडे, गुंठ्याचा तुकडा घेऊन बसलेल्या कुटुंबाकडे आणि नाल्याकाठच्या वस्तीकडे. माहिती लपवल्याने ही दरी वाढते. जबाबदारीने खुली केल्याने ती निदान अरुंद होते.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने एक सवय लावून घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे. प्रत्येक लेयर आणताच त्याच्या गुणधर्मांतल्या मेटाडेटाच्या पानावर पाच गोष्टी लिहाव्यात: कोणाकडून घेतला, माहिती कोणत्या सालची आहे, निर्देशांक पद्धत कोणती, परवाना कोणता, आणि कोणत्या दुसऱ्या लेयरशी ताडून पाहिला. पाचवी नोंद रिकामी असेल तर तो लेयर अजून आत आलेला नाही असे समजावे. आणि हीच अपेक्षा कार्यालयांकडूनही करायला हवी. औद्योगिक विकास महामंडळ, सिडको आणि ग्रामपंचायती यांनी आपले आराखडे चित्र म्हणून न देता निर्देशांकांसह, गावांच्या संकेतांकांसह, तारखेसह प्रसिद्ध केले, तर वाळूजचे विखुरलेले नकाशे जोडायला कोणालाही फार कष्ट पडणार नाहीत. ती मागणी करण्याचे बळ मात्र ज्याने स्वतःच्या नकाशाचा स्रोत लिहून ठेवला आहे, त्यालाच असते. आपण पारखून घेतलेल्या माहितीवर उभे राहून जो प्रश्न विचारतो, त्याला कोणत्याही कार्यालयाने उत्तर दिले पाहिजे. आणि असा प्रश्न विचारता यावा, हेच या पुस्तकातून शिकायचे आहे.